पोटऱ्या भरदार, पण पायात बळ नाही



मागच्या महिन्यात मिरजगावच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि उठायच्या वेळेला एका ताईनं कर्जाची मागणी ठेवली. कारण विचारलं तर म्हणाली, "पोराला इंजेक्शनं द्यायचीत. मोठ्या शहरात एक दवाखाना आहे, तिथं पेशी सोडतात अंगात. पोरगं पुन्हा चालायला लागेल म्हणाले." तिचा मुलगा अकरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत भिंतीला धरून चालत होता, आता बसूनच असतो. नवऱ्यानं म्हैस विकलेली. उरलेल्या पैशासाठी ती गटाकडं आली होती.

गटात दोन बाजू पडल्या. एक मावशी म्हणाल्या, लेकराच्या जिवापुढं पैसा काय, द्या. दुसरी म्हणाली, परतफेड कशी करणार ही? मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, तू शिकलेली, तू सांग." आणि मला काही सांगता आलं नाही. एमएसडब्ल्यूला दिव्यांगत्वावर एक अख्खा पेपर होता, तो मी चांगल्या मार्कांनी पास झाले; पण या आजाराचं नाव सोडून मला काहीच येत नव्हतं. पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली. त्या मुदतीत डॉक्टरांकडून, एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडून आणि वाचून जे कळलं ते इथं लिहिते. त्या ताईला विचारूनच लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हीही शोधू नका.

आजाराचं नाव मस्क्युलर डिस्ट्रॉफी. म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणं. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. लहान मुलांत जास्त दिसतो तो ड्युशेन नावाचा. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्या फ्रेंच डॉक्टरानं त्याचं नीट वर्णन केलं, त्याचं हे नाव. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागं एकाला हा आजार होतो. मुलींना क्वचितच.

आत काय होतं, ते मला वाकळीवरून समजलं. वाकळ कशानं टिकते? टाक्यांनी. टाके नसले तर वरचं लुगडं, आतल्या चिंध्या, खालचा थर, सगळं वेगळं सरकतं आणि दोन धुण्यांत वाकळ फाटते. आपल्या स्नायूंच्या प्रत्येक धाग्याला आतून असा टाका घालणारं एक प्रथिन असतं, त्याला डिस्ट्रॉफिन म्हणतात. या मुलांच्या अंगात ते तयारच होत नाही. मग चालताना, जिना उतरताना, नुसतं खेळतानाही स्नायू थोडे थोडे फाटतात. शरीर ते दुरुस्त करत राहतं, पण काही वर्षांनी दुरुस्तीची ताकद संपते आणि स्नायूच्या जागी चरबी आणि कडक तंतू भरतात. म्हणून तर या मुलांच्या पोटऱ्या पैलवानासारख्या दिसतात. आजी कौतुकानं म्हणते, "काय पाय आहेत माझ्या नातवाचे!" आणि तेच पोरगं ओट्याची पायरी चढताना अडखळतं.

आता ओळखायचं कसं? मूल दीड वर्ष उलटलं तरी चालत नाही. चालायला लागलं तर वारंवार पडतं. बरोबरीची पोरं पळतात तेव्हा हे मागं राहतं. चवड्यावर चालतं, पोट पुढं काढून डुलत चालतं. आणि एक खूण अशी आहे की ती कुणालाही घरात बघता येईल. मुलाला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. निरोगी मूल सरळ उठतं. हे मूल आधी ओणवं होतं, मग हात गुडघ्यावर ठेवतं, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर हातानं चढत उभं राहतं. अशी खूण दिसली तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणून थांबू नका. ही लक्षणं साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसायला लागतात, म्हणजे अंगणवाडीच्या वयात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला पाठवा आणि स्वतःही जा, कारण तो घरी कसा उठतो हे तुम्हीच सांगू शकता.

तपासणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. या मुलांच्या रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले येतात. ते यकृताच्या आजारात वाढतात तसेच स्नायू फाटल्यावरही वाढतात. त्यामुळं काही मुलांवर काविळीचा इलाज चालू राहतो. आपल्या ताईच्या मुलालाही आठ महिने काविळीचं झाडपाल्याचं औषध आणि पथ्य चाललं होतं. म्हणून मूल पडत असेल आणि हे आकडे वाढलेले असतील, तर डॉक्टरांना विचारा, "सीपीके तपासायचा का?" साधी रक्ताची तपासणी आहे. एरवी हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो, या मुलांत तो हजारोंत जातो. नंतर जनुकाची तपासणी होते, तिच्यात आजार पक्का होतो.

इथं मला जरा थांबायचंय, कारण या घरांत सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीवरून होतो.

या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडं एक्सच्या दोन प्रती, पुरुषाकडं एकच. बाईची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम करते, म्हणून तिला बहुधा काही होत नाही. मुलाकडं दुसरी प्रतच नसते. असं जनुक ज्या आईकडं आहे, तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी तिच्यासारखीच वाहक असण्याची शक्यता निम्मी. एवढं ऐकलं की घरातले लगेच म्हणतात, म्हणजे सुनेच्या माहेरचा दोष. आपल्या ताईनं हे सहा वर्षं ऐकलंय. पण पुढचं कुणी ऐकत नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बिघाड आईकडून आलेलाच नसतो, तो त्या मुलातच नव्यानं झालेला असतो. आणि आईकडून आला असला तरी तो तिनं निवडलेला नाही. डोळ्यांचा रंग कुणी निवडतं का? ग्रहणात भाजी चिरली, दिवस असताना अमुक खाल्लं, कुणी करणी केली, यातल्या एकाचाही या आजाराशी संबंध नाही. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झाल्यामुळंही ड्युशेन होत नाही. मोठेपणी खांदे आणि कमरेचे स्नायू झिजणारे काही दुसरे प्रकार आहेत, त्यांचा धोका मात्र नात्यात लग्न केल्यानं वाढतो.

आई वाहक आहे का, हे तपासता येतं. तिच्या बहिणींचंही तपासता येतं. पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणीही होऊ शकते. त्यासाठी सरकारमान्य जनुक केंद्रातच जायचं आणि दिवस गेल्यावर नाही, त्याच्या आधी जायचं, कारण घरातल्या मुलाचा जनुक अहवाल आधी हातात लागतो. वाहक बाईनं अधूनमधून स्वतःचं हृदयही तपासून घ्यावं. आपल्या ताईच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. सांगावं तर लग्न मोडायची भीती, न सांगावं तर उद्या तिच्या मांडीवर असंच लेकरू. ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी म्हणाले, बहिणीला नक्की सांगितलं असतं. तिच्या सासरी कधी, काय सांगायचं हे बहिणीनं ठरवावं. माझं बरोबर आहे की नाही, त्यावर मी अजून विचार करतेय.

आता इलाज. हा आजार मुळापासून बरा करणारा इलाज आज नाही. हे लिहिताना मला जड जातंय, पण खोटी आशा जास्त महाग पडते. पेशी सोडण्याबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर मूळपेशी नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाहीत, फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीत देता येतात. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी पॅकेज सांगितलं की तिथंच शंका घ्या. अमेरिकेत २०२३ साली एका जनुक उपचाराला मंजुरी मिळाली. त्याची किंमत कित्येक कोटी. २०२५ मध्ये चालू न शकणारी दोन मुलं त्या उपचारानंतर यकृत निकामी होऊन दगावली, तेव्हा त्याचा वापर मर्यादित केला गेला. संशोधन चालू आहे, पण आज म्हैस विकून विकत घ्यावं असं त्यात काही नाही.

मग हातात काहीच नाही का? आहे, आणि बरंच आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत दिल्या तर मूल साधारण दोन-तीन वर्षं जास्त चालतं. त्या जेवणानंतर द्यायच्या, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणायच्या नाहीत आणि एकाएकी कधीच बंद करायच्या नाहीत. एकाएकी बंद केल्यानं जिवावर बेतू शकतं. वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी. पूर्वी ही मुलं विशीच्या आसपास जायची. आता हृदय आणि श्वास यांची नीट काळजी घेतली तर पुष्कळ जण तिशीपर्यंत पोचतात. आणि रोजचं जे करायचं असतं, ते घरातच करायचं असतं.

आपल्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावोगावच्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. बाळंतपणापासून कुष्ठरोग्यांच्या जखमांपर्यंत सगळं त्यांनी हातानं शिकून केलं. तेव्हा "आम्हाला काय जमतंय" हे मला सांगू नका.

पहिलं काम ताण देण्याचं. स्नायू झिजले की सांधे आखडतात. घोट्याचा सांधा सगळ्यात आधी, म्हणून मूल चवड्यावर चालतं. मुलाला पाठीवर झोपवा, गुडघा सरळ. त्याची टाच तुमच्या तळहातात धरा, पाऊल तुमच्या मनगटावर टेकवा, दुसरा हात गुडघ्यावर हलकेच. आता टाच खाली ओढत पाऊल नडगीकडं सावकाश ढकला. ओढ जाणवेल तिथं थांबा, वीस ते तीस अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दोन्ही पायांना, रोज. ओढ बसली पाहिजे, पण दुखता कामा नये. मी हे आधी माझ्या धाकट्या भावावर करून बघितलं आणि तो ओरडला, कारण मी हिसका दिला होता. घाई नाही करायची. गरम पाण्याची अंघोळ झाल्यावर स्नायू सैल असतात, तेव्हा करा. गुडघ्यामागच्या शिरेसाठी एक पाय जमिनीवर सरळ, दुसरा गुडघा न वाकवता वर उचलायचा. कंबरेसाठी रोज वीस-तीस मिनिटं पालथं झोपवायचं. मोबाईल किंवा गोष्टीचं पुस्तक पुढं ठेवा, वेळ जातो. पहिल्यांदा मात्र फिजिओथेरपिस्टकडून हात धरून शिकून घ्या. नगरजवळ विळद घाटात आणि लोणीला प्रवरामध्ये फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. रात्री घोटा काटकोनात ठेवणारा पट्टाही तिथं मापानं मिळू शकतो.

दुसरं आपल्या समजुतीच्या अगदी उलटं आहे. पोराच्या पायात बळ नाही म्हटल्यावर बाप त्याला उठाबशा काढायला लावतो. जिना चढ-उतार कर म्हणतो. या आजारात जोराचा व्यायाम स्नायू बांधत नाही, फाडतो. उड्या, उठाबशा, वजन, टेकाड उतरणं, सगळं बंद. खेळू द्या, दमला की बसू द्या. तेल हलक्या हातानं लावलं तर चालेल, पण रगडायचं नाही. दमल्यानंतर लघवी काळपट चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं. (ज्यांच्या घरी पडून राहिलेले सासू-सासरे आहेत, त्यांनी हे वाक्य उचलू नये. मांडीचं हाड मोडून किंवा लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू न हलवल्यानं झिजतात. त्यांना डॉक्टर सांगतील तेवढा व्यायाम द्यायलाच हवा.)

बसणं आणि झोपणं याकडं आपण लक्ष देत नाही. दिवसभर मांडी घालून बसलं की कंबर, गुडघे आखडतात. खुर्ची द्या, पाय खाली टेकलेले. चाकाची खुर्ची फुकट मिळाली म्हणून मोठ्या माणसाची आणू नका. सैल खुर्चीत मूल एका बाजूला कलतं आणि पाठीचा कणा वाकतो. सुंभाच्या बाजेत मधे झोळ पडतो, त्यापेक्षा सपाट पलंग बरा. रात्री त्याला कूस बदलता येत नाही, म्हणून आईला चार-चार वेळा उठावं लागतं. आपली ताई पाच वर्षं सलग झोपलेली नाही. गटातल्या मावशींनी विचारलं, "मग बाप काय करतो?" प्रश्न बरोबर होता. आता एक रात्र तो, एक रात्र ती.

उचलताना काखेत हात घालून वर ओढू नका. या मुलांचे खांदे सैल असतात, मूल हातातून निसटतं आणि तुमची कंबर जाते. एक हात पाठीमागून, एक मांड्यांखालून. मूल मोठं असेल तर दोघांनी चादरीचा झोळ करून. संडासासाठी प्लास्टिकच्या मजबूत खुर्चीला मधे भोक पाडून घेतलं तरी काम भागतं.

खाण्यात दोन टोकं संभाळायची. स्टिरॉइडनं भूक वाढते, हालचाल कमी, वजन वाढलं की उरलेल्या स्नायूंवर भार. बिस्किटं, फरसाण, वेफर्स घरात आणूच नका. ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगा, अंडं, ताक, काकडी. हाडं ठिसूळ होतात म्हणून दूध, तीळ, शेवग्याचा पाला आणि रोज थोडं सकाळचं ऊन.

पुढं जाऊन छातीचे स्नायू थकतात. सकाळी डोकं दुखणं, रात्री दचकून उठणं, दिवसा पेंगणं, खोकला जोरात न येणं, या श्वास अपुरा पडत असल्याच्या खुणा आहेत. "पोरगं आळशी झालंय" म्हणू नका, दवाखान्यात न्या. श्वासाला आधार देणारं यंत्र रात्री लावावं लागतं. नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही, कधी तो धोक्याचाही ठरतो. एका जाड कागदावर आजाराचं नाव, चालू गोळ्या आणि "भूल देण्याआधी स्नायूंच्या आजाराबद्दल भूलतज्ज्ञांना सांगा" असं लिहून तो कागद आधार कार्डाबरोबर ठेवा. काही भुलीची औषधं या मुलांना चालत नाहीत, आणि अपघाताच्या गडबडीत हे सांगायचं कुणाला आठवत नाही.

सरकारी कागदांचं थोडक्यात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्वतंत्र आलं. त्यामुळं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. बोर्ड कोणत्या वारी बसतं ते फोनवर विचारूनच निघा, नाहीतर दिवसाचा रोजगार बुडतो. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलं की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि ६ ते १८ वर्षं वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाणं अगदीच अशक्य झालं तर शिक्षक घरी येऊन शिकवण्याची सोय समग्र शिक्षामध्ये आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत विचारा, किती जमला आणि कशावर गेला. शाळेचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो खाली आणणं हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे, त्याला निधी लागत नाही.

या महिन्याच्या बैठकीत हे सगळं मी वाचून दाखवलं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे म्हैस उगाच विकली." कुणालाच काही सुचेना. शेवटी अध्यक्षाबाईंनी ठराव मांडला: इंजेक्शनासाठी कर्ज नाही, पण जनुक तपासणी, नगरला जाणं-येणं आणि मापाची खुर्ची यासाठी गटातून कर्ज द्यायचं आणि ग्रामसंघाच्या जोखीम निधीसाठी अर्ज करायचा. अकरा सह्या झाल्या. ताईनं सही केली, पण मला म्हणाली की नवऱ्याला अजून पटलेलं नाही, तो त्या दवाखान्याला फोन करतोच आहे. मी येत्या रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे.

पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या बैठकीत फिजिओथेरपिस्ट ताई येऊन ताण कसा द्यायचा, माणूस कसा उचलायचा ते करून दाखवणार आहेत. ज्यांच्या घरी असं मूल किंवा पडून असलेलं माणूस आहे त्यांनी यावं, शक्य असेल तर नवऱ्याला किंवा दिराला घेऊन यावं. येताना एक मजबूत चादर आणि एक उशी आणा. आणि ज्या ताईंना सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, त्यांनी बैठक संपल्यावर मला बाजूला घ्या, मी शेवटच्या गाडीपर्यंत थांबणार आहे.